कागदाचं खत करताय? या चुका टाळा

कागद झाडापासून होतो, म्हणजे मातीत टाकला की कुजणारच, हा हिशेब चुकीचा नाही. त्यात फक्त पाणी, हवा आणि ओला कचरा धरायचा राहून जातो.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. दिवाळीच्या आवराआवरीत निघालेली सात-आठ किलो रद्दी घडीसकट ड्रममध्ये रचली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खत तयार, असं घरात सांगूनही ठेवलं. जानेवारीत उकरलं तर वरची पानं पापडासारखी वाळलेली, खालची एकमेकांना चिकटून पुठ्ठा झालेली, आणि मधल्या पानावर कांद्याचे भाव स्वच्छ वाचता येत होते. आमच्या ह्यांनी ते तिथेच उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवले.

ओली पानं चिकटली की मध्ये हवा जात नाही. शिवाय कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र (नायट्रोजन) लागतं. ढिगात एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब (कार्बन) असला की काम चालतं. वर्तमानपत्रात तो दीडशेच्याही वर असतो. म्हणून मी एक घमेलं फाडलेल्या कागदाला दोन घमेली ओला कचरा घालते: मेथी-शेपूचे देठ, चहाचा चोथा, मिळालं तर शेण. कागद दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांत फाडायचा. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं. माझं हे काम संध्याकाळी मालिका बघताना होतं. मिक्सरमधून लगदा काढायची युक्ती मला विचारू नका. त्याचाही पुठ्ठाच होतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुसरी अडचण. पारा चाळिशीपार गेला की ड्रम आठवड्यात कोरडा ठणठणीत, आणि नळाला पाणी काही रोज येत नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात घाला, ड्रम कडुलिंबाच्या सावलीत ठेवा. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला की ओल बरोबर.

कोरडी खोकी भिंतीला टेकवून जमिनीवर रचू नका. आमच्या गल्लीत एकांची वाळवी खोक्यांतून थेट दाराच्या चौकटीत गेली. ड्रम विटांवर, भिंतीपासून हातभर लांब.

सोनेरी छपाईच्या लग्नपत्रिका, चकचकीत पुरवण्या, चहाचे कागदी कप (आत प्लॅस्टिकचा थर असतो), दुकानातल्या गुळगुळीत पावत्या, चिकटपट्टी: काहीच नको.

आता उतावळे. पंधरा दिवसांत खत होईल म्हणून कुजवायची पुडी विकत आणतात, ढिगाला हवा मात्र देत नाहीत. आठवड्यातून एकदा खालवर केलं तरी तीन-चार महिने लागतातच. चाळल्यावर कागदाचे तुकडे दिसले तर ते परत ड्रममध्ये. अर्धवट कुजलेला माल कुंडीत गेला की कुजता कुजता मातीतलंच नत्र ओढून घेतो. मग मोगऱ्याची पानं पिवळी पडतात, आणि तेव्हा मला फोन येतो.