कार्टात राहिलेली पेटी: ऑर्डर अर्धवट सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला मेल कसा करायचा

आंब्याच्या सीझनला रात्री सगळं आवरून लॅपटॉप उघडला की अर्धवट ऑर्डरींची यादी समोर येते. दोन डझन हापूस, कोकम आगळाची बाटली, पत्ता डोंबिवलीचा, सगळं भरलंय आणि पेमेंट नाही. पहिल्या वर्षी आम्ही ही यादी बघायचोच नाही, घ्यायचं नसेल म्हणून सोडून द्यायचो. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणारी बेमार्ड इन्स्टिट्यूट वेगवेगळे अभ्यास एकत्र करून सांगते की ऑनलाइन कार्टांपैकी साधारण 70 टक्के कार्टं अशीच राहतात, म्हणजे हे सगळ्यांकडेच होतं. काहीजण नुसतं बघायला आलेले असतात, पण ज्याने पिनकोडपर्यंत सगळं टाइप केलंय त्याला माल हवा होता, मध्येच काहीतरी आडवं आलं. ते काय ते ओळखून मेलमध्ये त्याचंच उत्तर द्यायचं, एवढंच खरं काम आहे.

आधी माणूस कुठल्या पायरीवर थांबला ते बघा. पेमेंटला अडकला असेल तर तो मेल वेगळा आणि लगेच जायला हवा, पाच-दहा मिनिटांत. यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि ऑर्डर कन्फर्म झाली नाही की माणूस घाबरतो, त्याला वाटतं कोकणातला कोण कुठला, आता पैसे गेले. तेव्हा ‘तुमचं कार्ट वाट बघतंय’ वगैरे पाठवलंत तर तो चिडणारच. आधी पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) डॅशबोर्डला पैसे आलेत का बघा, आलेत तर ऑर्डर हाताने कन्फर्म करा आणि तसं कळवा. नसतील आले तर सरळ लिहा की पैसे आमच्यापर्यंत पोचलेले नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेलं असं फसलेलं यूपीआय पेमेंट बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपणहून परत करायचं असतं, तोवर तुमची पेटी आम्ही बाजूला ठेवू का? आमच्याकडे सगळ्यात जास्त ‘थँक्यू’ याच मेलला येतात.

दुसरं मोठं कारण कुरिअरचा खर्च. समजा पेटी 2000 ला दाखवली आणि शेवटच्या पानावर 350 वाढले तर माणूस तिथेच थांबतो, त्याचं काय चुकलं? यावर मेल हा उपायच नाही, खर्च आधीच प्रॉडक्टच्या पानावर लिहा. केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) नियमांत अशी मागाहून किंमत वाढवणं आणि खोटी घाई करणं दोन्ही मोडतं. म्हणजे ‘शेवटच्या 3 पेट्या’ खरोखर तीनच असतील तरच लिहायचं.

आता सेटिंग. ईमेल मिळालाच नाही तर पाठवणार कुठे, म्हणून चेकआउटला ईमेलचा रकाना पहिला ठेवा. ऑनलाइन दुकान शॉपिफायवर असेल तर असे मेल पाठवायची सोय आतच आहे, वूकॉमर्सवर असेल तर प्लगइन (वेगळी जोडणी) घ्यावं लागतं. मेल स्वतःच्या डोमेनवरून जाऊ दे, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लावून घ्या (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारी सेटिंग, होस्टिंगवाला करून देतो), नाहीतर मेल स्पॅममध्ये. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक झालंय. खाली ‘मेल नकोत’ ही लिंक हवीच, आणि ऑर्डर झाली की पुढचे मेल आपोआप थांबतात ना ते स्वतः एक ऑर्डर टाकून तपासा, पैसे भरलेल्या माणसाला ‘विसरलात का’ गेलं की लाज जाते.

पेमेंटला न अडकलेल्या बाकीच्यांना पहिला मेल तासाभराने. लांबण नको, असं काहीतरी:

‘नमस्कार, तुमची दोन डझन हापूसची ऑर्डर अर्धवट राहिलेली दिसली. खालच्या लिंकवर सगळं भरलेलं तसंच आहे. फळ आडीत (गवतात पिकत) घातलेलं आहे, कार्बाइड वापरत नाही, तुमच्याकडे पोचल्यावर चार-पाच दिवसांत तयार होईल. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचते.’

आणि खरंच वाचा, ‘नो रिप्लाय’ पत्त्यावरून पाठवू नका. लोक साका (आतला गर खराब असणं) निघाला तर काय असंच विचारतात, कारण साका बाहेरून दिसत नाही हे मुंबईकरालाही माहीत असतं. आम्ही त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये तेच लिहायला लागलो: फळ कापल्यावर साका दिसला तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या तोडीतून देऊ. सोबत त्या दिवशीच्या आंब्यांचा मोबाईलवर काढलेला साधा फोटो, कुठूनतरी घेतलेला चकचकीत नको.

डिस्काउंट या दोन्ही मेलमध्ये देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा कूपन गेलं की तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी मुद्दाम कार्ट सोडून वाट बघतं, आणि ज्याने पहिल्यांदाच पूर्ण पैसे भरले त्याच्यावर अन्याय होतो तो वेगळाच.

तिसरा मेल मालावर ठरवा. काजू, आगळ, कुळथाचं पीठ असेल तर तीन-चार दिवसांनी एक शेवटची आठवण चालते. आंब्याला ते चालत नाही, तोवर ती तोड संपलेली असते, म्हणून पुढची तोड कधी निघणार ती तारीख कळवायची आणि पाऊस जवळ आला असेल तर सीझन संपत आलाय हेही खरं सांगायचं. मे अखेरीस राहिलेल्यांना मी फक्त विचारते, पुढच्या वर्षी पहिली पेटी निघाली की कळवू का? जे ‘हो’ म्हणतात त्यांचीच यादी वेगळी ठेवते, आणि पहिला आंबा उतरला की पहिला मेल त्यांना.