पायलट चढला म्हणजे आखणी संपली का? बंदरात शिरताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, बीडकडची बरीच मुले आता व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी म्हणून जातात, आणि सेकंड ऑफिसर झाल्यावर पॅसेज प्लॅन, म्हणजे जहाजाच्या संपूर्ण मार्गाची आखणी, त्यांच्याच हाती येतो. सुट्टीत गावी आलेल्या अशा मुलांचे सरावाचे प्लॅन मी तपासून देतो. त्यांत एक चूक हमखास आढळते: पायलट, म्हणजे बंदराचा स्थानिक वाटाड्या, जिथे जहाजावर चढतो त्या पायलट बोर्डिंग ग्राउंडपर्यंतची आखणी अगदी नेटकी असते आणि तिथून धक्क्यापर्यंत ‘पायलटच्या सल्ल्यानुसार’ एवढेच लिहिलेले असते. जिथे पाणी सर्वांत उथळ आणि वळायला जागा सर्वांत कमी, नेमका तिथेच कागद कोरा राहतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९९ च्या ठराव ए.८९३ नुसार आखणी धक्क्यापासून धक्क्यापर्यंत हवी, आणि पायलट जहाजावर असतानाचा टप्पाही तीत येतो.

पायलटला बंदर पाठ असते, पण तुमचे जहाज तो बहुधा पहिल्यांदाच पाहत असतो. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘सी एम्प्रेस’ हे टँकर वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदरात शिरताना, पायलट ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात त्या कक्षात) असतानाच, खडकावर चढले आणि पुढील दिवसांत सुमारे ७२,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. कप्तान आणि पायलट यांनी मार्गाबद्दल आधी बोलून एकमत केलेले नव्हते, ही बाब चौकशीत पुढे आली.

कीलखालच्या, म्हणजे जहाजाच्या तळाखालच्या, पाण्याचा हिशेब जहाज उभे असल्यासारखा करणे ही त्याहूनही घातक चूक आहे. समजा, चार्टवर (सागरी नकाशावर) खोली ११ मीटर आहे, त्या वेळची भरती ३.४ मीटर आणि जहाजाचा ड्राफ्ट (पाण्यात बुडालेली खोली) १२ मीटर. म्हणजे कीलखाली २.४ मीटर पाणी उरते आणि आकडा दिलासा देतो. मात्र चालते जहाज पाण्यात आणखी खाली बसते, याला स्क्वॅट म्हणतात, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्लॉक कोइफिशंट (जहाजाचा बुडालेला भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ जातो, तो आकडा) ०.८ धरून अरुंद चॅनलसाठीचे ढोबळ सूत्र लावले, तर १० नॉट्सला (ताशी १० सागरी मैल) स्क्वॅट १.६ मीटर येतो, ६ नॉट्सला मात्र जेमतेम ०.६ मीटर. १० नॉट्सनेच वळण घेतले आणि ३२ मीटर रुंदीचे जहाज केवळ दोन अंश कलले, तरी एका बाजूचा तळ आणखी अर्धा मीटर खाली जातो. २.४ मीटरचे पाव मीटर व्हायला एवढे पुरे. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे कमाल वेग लिहा, आणि पायलटने त्याहून जास्त मागितला तर कारण विचारा.

भरतीच्या कोष्टकातील वेळ आणि जहाजाच्या घड्याळातील वेळ एकच आहे ना, हे दोनदा पडताळा. एक्डिसमधील, म्हणजे जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक नकाशातील, सेफ्टी कंटूर (सुरक्षित खोलीची सीमारेषा) खोल समुद्रासाठी ठेवलेला तसाच राहिला, तर अलार्म सतत वाजत राहतात आणि खरा इशारा त्यांत हरवतो. मुंबईसारख्या बंदरात भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्याही वर जातो, त्यामुळे तासाभराची गफलत तिथे परवडत नाही.

माघारीची जागा न ठरवणे ही चूक तर अनुभवी अधिकारीही करतात. टग (मोठे जहाज ओढणारी-ढकलणारी बोट) आला नाही, इंजिनाने दगा दिला किंवा धुके उतरले, तर कुठपर्यंत जहाज परत वळवता येईल आणि त्यापुढे नांगर कुठे टाकता येईल, हे दोन्ही चार्टवर खूण करून ठेवावे. पायलट आल्यावर त्याच्यापुढे नुसते पायलट कार्ड (जहाजाच्या माहितीचा कागद) सरकवून सही घेऊ नये. आपला मार्ग आणि त्याचा मार्ग शेजारी ठेवून, वळणे, वेग, टग आणि या खुणांवर दोन मिनिटे प्रत्यक्ष बोलून घ्यावे. वेळ कमी पडत असेल तर जहाजाचा वेग कमी करण्याची विनंती कप्तानांना करावी.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट विशेष जड जाते. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, या संस्कारात ती वाढलेली असतात, आणि केस पिकलेल्या पायलटला टोकणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. ब्रिजवर मात्र गप्प राहणे हाच दोष ठरतो, कारण पायलट असला तरी जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कप्तान आणि वॉचवरील अधिकारी यांच्यावरच राहते. मत सांगण्याऐवजी आकडा सांगावा: ‘पायलटसाहेब, आपण रेषेच्या पन्नास मीटर डावीकडे आहोत आणि अंतर वाढते आहे.’ उत्तर मिळाले नाही, तर तेच वाक्य कप्तानांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने लगेच पुन्हा म्हणावे. सूत्रे हाती घ्यायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे, पण त्यासाठी तो आकडा त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवा.