आधी फुगा, मग चेहरा

कॉमिक लिहायचंही आणि काढायचंही, असं ठरवलेल्या नव्या मुलामुलींचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. म्हणून ॲनाटॉमी, पर्स्पेक्टिव्ह हे सांगत बसत नाही. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

माझी पहिली मोठी गोष्ट आठ पानांची. आई, मुलगा, दादरचा पूल, संध्याकाळची गर्दी. पुलावर उभं राहून स्केचेस केली, पानं शाईने पक्की केली आणि संवाद बसवायला सगळ्यात शेवटी घेतले. मुलगा आधी विचारतो, ‘‘आई, बाबा कुठल्या डब्यात असतील?’’ मग आई बोलते. पण चौकटीत आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. आपण वाचतो डावीकडून, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. मुलाचा फुगा, म्हणजे त्याचं बोलणं लिहिलेला गोल, डावीकडे नेला, तर त्याची शेपटी आईच्या तोंडावरून जायला लागली. कॉम्प्युटरवर चित्र आरशासारखं उलटवलं, तर ‘दादर’ची पाटी उलटी झाली आणि आईचा पदर उजव्या खांद्यावर गेला. आठातली पाच पानं पुन्हा काढली. मुदत टळली आणि ज्यांनी ते काम दिलं होतं, त्यांच्याकडचं पुढचं कामही गेलं. ते अजून लागतं मनाला.

तेव्हा, जो आधी बोलतो तो डावीकडे. ते जमतच नसेल तर त्याचा फुगा वर, दुसऱ्याचा खाली. हे ठरवायचं थंबनेलमध्येच, म्हणजे पानाच्या छोट्या कच्च्या आराखड्यात. आधी फुगे काढा, त्यांत खरा संवाद हाताने लिहा, मग उरलेल्या जागेत माणसं उभी करा. ‘इथे काहीतरी बोलेल’ अशा रेघोट्या मारून पुढे जाऊ नका. देवनागरीला उंची लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की ‘कु’चा उकार खालच्या ‘र्की’त जाऊन अडकतो. इंग्रजी कॉमिकवरून फुग्याचं माप घेतलंत तर फसाल. मी एका फुग्यात बारा शब्दांच्या वर जात नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी ‘विठ्ठल’ आणि ‘शक्ती’ टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटत असतील तर सेटिंग किंवा फॉन्ट तेव्हाच बदला.

हे मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नाही. आमच्या ओळखीच्या एका पेंटर काकांनी दाखवलं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. ते आधी अक्षरं मोजायचे, मग चित्राला जागा द्यायचे. तुमच्या पानावर पेन्सिलने खूण करतो तो गुरू. ‘सहा महिने फुकट इंकिंग कर, मग शिकवतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. फोटो गिरवून पानं भरणंही नको. तोच माणूस पुढच्या चौकटीत पाठमोरा लागतो, तेव्हा हात अडतो.

वेळ लागतोय म्हणून खचू मात्र नका. १९६७ साली अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या अमर चित्र कथेतही लेखक एक आणि चित्रकार दुसरा, अशीच रीत होती. तुम्ही दोघांचं काम एकट्याने करताय.

नोकरी लगेच सोडू नका. मुंबईत जाहिरातींच्या आणि मालिकांच्या स्टोरीबोर्डवर, म्हणजे शूटिंगआधी दृश्यं चित्रांत मांडून देण्यावर, घर चालतं, त्यात कमीपणा नाही. करार मात्र वाचूनच सही करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ बघा. हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि विचारा.

आता शाई लावण्याआधी मी थंबनेलची झेरॉक्स काढते आणि कधीच कॉमिक न वाचणाऱ्या शेजारच्या मावशींना मोठ्याने वाचायला देते. मी काही बोलत नाही, फक्त त्यांचं बोट बघते. ते जिथे मागे फिरतं, ती चौकट पुन्हा काढते.