महागडी साउंड सिस्टीम घरी आली, आता ती नीट लावायची कशी

भरपूर पैसे घालून आणलेले स्पीकर बरेच जण टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटवून ठेवतात आणि मग थोड्याच दिवसांत विचारायला लागतात की बेस (खालचा, जाड आवाज) नुसता घुमतोय, गाणाऱ्याचा आवाज दबलेला येतोय, अँप (स्पीकरला पॉवर देणारा अँप्लिफायर) बदलू का? अँप राहू द्या. आधी स्पीकर पुढे ओढा. आपण जे ऐकतो त्यात खोलीचा वाटा फार मोठा असतो आणि तो दुकानातून विकत आणता येत नाही, घरीच जमवावा लागतो.

सुरुवात समभुज त्रिकोणापासून. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच साधारण प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंत. मोजपट्टीने मोजा, डोळ्यांनी नको, कारण एक स्पीकर थोडा जरी जवळ राहिला तरी मधला आवाज त्या बाजूला सरकतो आणि मग कितीही भारी सिस्टीम असली तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. ट्वीटर, म्हणजे बारीक, वरचा आवाज काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला आला पाहिजे, सोफ्यावर बसल्यावर ती उंची बहुतेकांची ९० ते १०० सेंटीमीटर असते. मोठ्या उभ्या स्पीकरमध्ये कंपनीने हे बघितलेलं असतं, छोट्यांना मात्र चांगला जड स्टँड द्या.

आता भिंत. हे जरा नीट समजून घ्या कारण सगळी मेख इथेच आहे. बेस फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरतो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येऊन सरळ आलेल्या आवाजात मिसळतो. समजा स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर आहे, तर १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज परत येईपर्यंत बरोबर उलटा झालेला असतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा, बेस गिटारचा भरीवपणा साधारण इथेच असतो, तोच गायब. अंतर बदललं की हा खड्डा दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जातो. कोपऱ्यात ठेवलं तर उलटं होतं, दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. म्हणून कोपरा टाळायचा आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर नि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवायचं नाही, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

बसायची जागासुद्धा तितकीच महत्त्वाची. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झचा खोल बेस दोन भिंतींमध्ये मागेपुढे आपटत जागच्या जागी साचतो, मधोमध बसलात तर तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसलात तर नको इतका येतो. सोफा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून बघा, ठोकताळाच आहे पण सुरुवातीला कामाला येतो.

मग खरं काम, आणि याला घाई नको. एकट्या गाणाऱ्याचं, कमी वाद्यांचं एखादं रेकॉर्डिंग लावा, तुमच्या ओळखीचं. दुसऱ्या कुणाला स्पीकर पाच-पाच सेंटीमीटर पुढेमागे करायला सांगा आणि तुम्ही जागेवर बसून फक्त आवाजाकडे लक्ष द्या. एका जागी आवाज पसरट असतो, दुसऱ्या जागी अचानक दोन स्पीकरच्या बरोबर मधे माणूस उभा राहिल्यासारखा होतो, ओठ कुठे आहेत ते कळतं. तिथे जमिनीवर टेप लावून खूण करा. नंतर स्पीकर थोडे आत, तुमच्याकडे वळवा, जास्त वळवले की आवाज टोकदार होतो, कमी वळवले की मधली जागा विरळ होते, मधला बिंदू तुमच्या कानाला ठरवू द्या.

काच, गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती असलेली खोली फोटोत छान दिसते पण झांजा कानाला टोचतात. खुर्चीत बसा, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांनी भरलेलं शेल्फ, आणि समोर जमिनीवर जाड गालिचा. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या केबलने पडत नाही. खोलीतल्या सगळ्या भिंती मात्र मऊ करू नका, आवाज मेल्यासारखा होतो.

अजून खरेदी बाकी असेल तर दिसण्याला जरूर महत्त्व द्या, रोज डोळ्यांसमोर राहणारी वस्तू आहे, फक्त तो आकार काय काम करतो ते विचारा. बॉवर्स अँड विल्किन्सचा १९९३ चा नॉटिलस शंखासारखा दिसतो कारण त्याच्या निमुळत्या नळ्या ड्रायव्हरच्या (हलून आवाज काढणाऱ्या भागाच्या) मागचा आवाज शोषून घेतात. क्वाडचा १९५७ चा पॅनेलसारखा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (विजेच्या भाराने पातळ पडदा हलवणारा) पुढे जेवढा वाजतो तेवढाच मागेही, त्यामुळे त्याला मागे भरपूर मोकळी जागा हवीच, ती नसेल तर कितीही आवडला तरी घेऊ नका.

अँप निवडताना नुसते वॅट बघू नका. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, आणि ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला ९० वाल्याइतकंच मोठं वाजायला चौपट पॉवर लागते. आणि ८ ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलेला स्पीकर मधेच ४ च्या खालीही जाऊ शकतो, तिथे कमकुवत अँप धापा टाकतं. दोन अँप ऐकून तुलना करताना आवाजाची पातळी मोजून अगदी सारखी ठेवा, जरासं मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं.

केबलवर फार वेळ घालवू नका. घरातल्या नेहमीच्या अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते, प्लस-मायनस दोन्ही स्पीकरला सारखं जोडलंय ना ते तपासा, एक उलटा असेल तर बेस पातळ होतो आणि मधला आवाज विखुरतो.

रूम करेक्शन, म्हणजे खोलीतला आवाज मोजून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, अगदी शेवटी चालू करा. फुगलेला बेस ते छान खाली आणतं, पण भिंतीमुळे पडलेला खड्डा भरायला गेलं की अँपचा जीव जातो आणि खड्डा तसाच राहतो, तेव्हा ग्राफमध्ये खोल दरी दिसली तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून स्पीकर किंवा सोफा पुन्हा हलवा.