चेनसॉ आणि तिच्या बारची लांबी निवडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती चेनसॉ येते ती बहुधा एखाद्या तातडीच्या कामामुळे. वळवाच्या वाऱ्यात चिंच आडवी होते, बांधावरची वेडी बाभूळ डाळिंबाच्या ओळीत शिरते, गोठ्याच्या पत्र्यावर कडुलिंबाची फांदी टेकते आणि माणूस घाईने दुकान गाठतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर ते एकच मोठे झाड असते. मीही तसाच गेलो होतो. मोहोळ तालुक्यातील आमच्या विहिरीजवळची चिंच पडली, म्हणून ५८ सीसीची, २२ इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती चपटी लोखंडी पट्टी) असलेली चेनसॉ मी घरी आणली. चिंच दोन दिवसांत कापून झाली. पुढची तीन वर्षे मात्र त्याच यंत्राने मी मनगटाएवढ्या आणि मांडीएवढ्या बाभळी कापत राहिलो आणि दर वेळी अर्ध्या तासात कंबर धरू लागली. यंत्रात काही दोष नव्हता. माझी निवड चुकली होती.

चूक पहिली: सर्वांत मोठ्या झाडाचे माप धरून यंत्र घेणे

यंत्र निवडताना वर्षातून एकदा पडणाऱ्या झाडाचा विचार बाजूला ठेवावा आणि महिन्यातून दोनदा जे कापावे लागते, ते मोजावे. आपल्याकडे ते बहुतेक बांधावरचे सुबाभूळ, बाभूळ, कडुलिंबाच्या फांद्या आणि जळणासाठी फोडायचे मध्यम ओंडके एवढेच असते. नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा बार साधारण २ इंचांनी लांब असावा, हा हिशेब पुरेसा आहे. तीन-चार इंचांपर्यंतच्या फांद्या हेच मुख्य काम असेल, तर सिकेटर, हातकरवत आणि बॅटरीवर चालणारी ६ इंची लहान चेनसॉ यांवर भागते. डाळिंबाच्या बागेत मोठे पेट्रोल यंत्र घेऊन वाकत फिरण्याची गरज नसते. दहा-बारा इंचांपर्यंतच्या लाकडासाठी ३० ते ३८ सीसीचे इंजिन आणि १४ इंची बार चांगला चालतो. त्याहून जाड, सोळा इंचांपर्यंतची बाभूळ-चिंच वारंवार कापायची असेल, तरच ४५ ते ५५ सीसी आणि १६ ते १८ इंची बार यांकडे वळावे.

यावर मोठे झाड आलेच तर काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. जमिनीवर नीट बसलेला ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो, त्यामुळे १८ इंची बारने त्याच्या दीडपट जाडीचे लाकूडही सरावलेला माणूस कापू शकतो. उभे मोठे झाड पाडणे हे निराळे कौशल्य आहे. ते काम रोज करणाऱ्या माणसांकडून करवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका झाडाची मजुरी ही चुकीच्या यंत्राची किंमत आणि कंबरदुखी यांपेक्षा स्वस्तच पडते.

चूक दुसरी: घेराला जाडी समजणे

लाकडाच्या व्यवहारात घेर मोजण्याची आपली जुनी रीत आहे. बुंध्याभोवती दोरी फिरवायची, ती पट्टीवर धरायची आणि ‘४४ इंची झाड आहे’ असे सांगायचे. हाच आकडा दुकानात सांगितला, की समोरचा माणूस सर्वांत लांब बार काढून दाखवतो. प्रत्यक्षात ४४ इंच घेराच्या झाडाची जाडी १४ इंच असते, कारण घेराला २२ भागिले ७ ने, म्हणजे तीनपेक्षा किंचित जास्त आकड्याने भागावे लागते. या झाडाला १६ इंची बार पुरतो. दुकानात जाण्यापूर्वी पाच-सहा नेहमीच्या झाडांचे घेर मोजून, भागाकार करून तो कागद खिशात ठेवावा. बारची लांबी म्हणजे यंत्राच्या पुढच्या दातेरी पट्टीपासून टोकापर्यंतचा, लाकडात जाणारा भाग, हेही लक्षात असावे. बार सुटा करून पूर्ण मोजला, तर यंत्राच्या झाकणाखालचा भागही त्यात धरला जातो आणि माप काही इंचांनी जास्त येते.

चूक तिसरी: लांब बार लवकर कापतो, असे मानणे

हा समज इतका पक्का आहे, की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. समजा, १२ इंच जाडीची बाभूळ आहे. ती १४ इंची बारने कापा किंवा २२ इंची बारने. लाकडात एका वेळी गुंतलेली चेन तेवढीच, १२ इंचांची असते. कापण्याचा वेग ठरतो तो इंजिनाच्या ताकदीवर आणि दातांच्या धारेवर. बारचा उरलेला १० इंचांचा भाग लाकडाच्या पलीकडे नुसता फिरत राहतो आणि तेवढ्यासाठी आपण त्याचे वजन पेलतो, त्याला तेल पाजतो आणि त्याच्या दातांना धार लावत बसतो. ५८ सीसीच्या यंत्रांवर येणाऱ्या २२ इंची बारच्या चेनला साधारणपणे ८६ कड्या बारच्या खाचेत बसणाऱ्या असतात आणि त्यामागे ४३ कापणारे दात. १८ इंची बारवर त्याच कड्या ७२ आणि दात ३६. बाभळीच्या कोरड्या, कठीण गाभ्यात धार लवकर जाते; कानस हातात घेऊन बांधावर बसणाऱ्या माणसाला हे सात दात चांगलेच जाणवतात.

पलीकडे निघालेले टोक आणखी एक नुकसान करते. ते माणसाला दिसत नाही. बांधावरच्या दगडाला, मुरमाला किंवा मागच्या फांदीला ते लागते. दगडाला लागले, तर क्षणात डझनभर दात बोथट होतात. टोकाचा वरचा भाग फांदीला लागला, तर यंत्र उसळून थेट चेहऱ्याकडे येते. चेनसॉच्या सर्वांत गंभीर अपघातांचे हे एक मुख्य कारण आहे. पुढची मूठ डाव्या हाताच्या अंगठ्याने खालून वेढून पकडणे आणि यंत्र उसळताच चेन थांबवणारा चेन ब्रेक नीट काम करतो याची खात्री ठेवणे आवश्यक आहेच, तथापि टोक नेहमी नजरेसमोर राहील इतकाच बार असणे ही त्याआधीची काळजी आहे.

चूक चौथी: वजन कागदावर वाचणे

माहितीपत्रकावर छापलेले वजन बहुधा बार, चेन, पेट्रोल आणि तेल सोडून दिलेले असते. पाच किलोचे यंत्र सर्व भरून हातात येते, तेव्हा सात किलोच्या आसपास जाते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोल. दुकानात बार बसवलेले आणि दोन्ही टाक्या भरलेले यंत्र मागावे, पुढच्या मुठीला धरून एका हाताने उचलावे आणि बार कसा राहतो ते पाहावे. तो जवळजवळ आडवा किंवा टोकाकडे किंचित झुकलेला राहिला, तर तोल बरोबर आहे. टोक खाली कोसळत असेल, तर दिवसभर ते मनगटाने वर धरावे लागेल. आमच्या २२ इंची यंत्राचे टोक असेच खाली जात असे. १८ इंची बार लावल्यावर तेच इंजिन हातात हलके वाटू लागले. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना हा फरक सुखसोयीपुरता राहत नाही, कारण थकलेल्या हाताकडूनच टोकाचे भान सुटते.

आखूड बारची एक अडचणही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जमिनीवर पडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवताना आखूड बारने जास्त वाकावे लागते आणि उंच माणसाला त्याचा त्रास होतो. यासाठी बार लांब करण्याऐवजी ओंडका उचलून घोडीवर किंवा दोन आडव्या लाकडांवर ठेवून गुडघ्याच्या वर आणावा. कंबरेला खरी विश्रांती त्याने मिळते.

चूक पाचवी: लहान इंजिनावर लांब बार चढवणे

बार बदलता येतो, म्हणून कोणताही बार कोणत्याही यंत्रावर चालतो, असे नाही. ३८ सीसीच्या यंत्रावर १८ इंची बार लावून तो पूर्ण लाकडात बुडवला, की लक्षणे दिसू लागतात. इंजिनाचा आवाज खाली येतो, क्लच तापून वास येतो आणि चेन थांबते. बारचा रंग कडेने निळसर पडला, तर तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, असे समजावे, कारण लहान यंत्राचा तेलपंप लहान बारच्याच हिशेबाने दिलेला असतो. त्याची तपासणी सोपी आहे: बारचे टोक कागदापासून वीतभर दूर धरून यंत्र जोरात चालवावे आणि कागदावर तेलाची रेघ उमटते का, ते पाहावे. ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑइल येथे वापरणे चुकीचे आहे. त्यातील कणांनी तेलाची वाट बुजते आणि मग बारची लांबी योग्य असूनही तो जळतो.

बारला दोष देण्यापूर्वी

काही तक्रारी लांबीच्या वाटतात, पण तशा नसतात. लाकडाचे छिलके पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल, तर धार गेली आहे. मोठे यंत्र घेऊन तो प्रश्न सुटत नाही. काप सरळ न जाता एका बाजूला वळत असेल, तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लहान किंवा बोथट झालेले असतात, क्वचित बारच्या कडा असमान झिजलेल्या असतात. बार ओंडक्यात आवळला जात असेल, तर ताकद कमी पडली असे समजू नये. दोन्ही टोकांना टेकू असलेला ओंडका मध्ये दबतो आणि वरचा काप मिटतो; अशा वेळी वरून तृतीयांश कापून उरलेले खालून कापावे आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर जवळ ठेवावी.

कापण्याआधीची एक बाब थोडक्यात: महाराष्ट्रातील १९६४ च्या झाडेतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच ही झाडे आहेत आणि सोलापूर शहराच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. त्यामुळे परवानगी आधी घ्यावी.

बार बदलायचा ठरल्यास फक्त ‘१८ इंची’ एवढे सांगून चेन आणू नये. बारच्या मागच्या टोकाजवळ आकडे कोरलेले असतात; त्यांत चेनची पिच (कड्यांमधील अंतर), खाचेची रुंदी आणि बऱ्याचदा कड्यांची संख्या असते. या तीनही गोष्टी जुळल्या, तरच चेन बसते. खाच १.५ मिलिमीटरची आणि चेन १.३ मिलिमीटरची असेल, तर ती बसल्यासारखी वाटते, पण लाकडात डुलते आणि उतरते. कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढून न्यावा. आकडे काळ्या तेलाने भरले असतील, तर रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर ते स्वच्छ वाचता येतात.