स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सोबत-गट : सांगली-मिरजेत सुरुवात कशी करावी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून केमोसाठी मिरजेला येणाऱ्या बाईला डॉक्टर औषधांची माहिती देतात. परंतु केस परत येतील का, नवऱ्याला काय वाटेल, हळदीकुंकवाला जावे की नाही, हे प्रश्न ती कोणापाशीच काढत नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या टेरेस लॅसर या बाईंनाही अशा प्रश्नांची उत्तरे मिळेनात, म्हणून त्यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत नव्या रुग्णांना स्वतः भेटण्यास सुरुवात केली. आजारातून गेलेल्या बायकांनी नव्या रुग्णांना अशी सोबत करणे हेच सोबत-गटाचे काम, आणि आपल्याकडेही त्याला चार-पाच जणी पुरतात.

उपचार संपून किमान वर्ष उलटलेल्या आणि स्वतःची हकीकत न रडता सांगू शकणाऱ्या बायकाच प्रथम निवडाव्यात. रुग्णालयाकडून रुग्णांचे फोन नंबर मागू नयेत. गटाचा नंबर छापलेले कार्ड बाह्यरुग्ण विभागात ठेवण्याची परवानगी घ्यावी, म्हणजे फोन करायचा की नाही हे तिच्याच हाती राहते. बैठक सकाळी अकरा ते एक अशी ठेवावी, कारण लांबच्या बाईला दुपारच्या एसटीने अंधाराच्या आत घरी पोहोचायचे असते.

पहिली भेट सर्वांत नाजूक असते. सोबतच्या नातेवाइकांना थोडा वेळ चहाला जाण्याची विनंती करावी, कारण सासूसमोर किंवा मुलासमोर बाई खरे बोलत नाही. नंतर ‘काय वाटतंय?’ एवढेच विचारून थांबावे. ती गप्प राहिली तर आपणही गप्प राहावे. ‘मी बरी झाले, तूही होशील’ असे मात्र कधीही म्हणू नये. एकीला हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात, दुसरीला त्या लागूच पडत नाहीत, तिसरीच्या गाठीचा प्रकारच वेगळा असतो. त्यामुळे आपल्या रिपोर्टवरून तिचे भविष्य सांगणे हा माझ्या मते तिच्यावर अन्यायच आहे. केमो संपल्यावर बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येऊ लागतात, हा आजार एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि यंत्राने बाहेरून शेक (रेडिएशन) घेतलेल्या आईने लेकराला जवळ घेतले तरी काही बिघडत नाही, हे मात्र ठामपणे सांगावे. घरात तिचे ताट-वाटी वेगळी काढली असेल, तर घरच्यांनाही बसवून हे समजवावे.

बोलण्याइतकेच दाखवण्याला महत्त्व आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो; म्हणून डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिलेली असल्यास भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवून दाखवावीत आणि हात जिथवर पोहोचला तिथे पेन्सिलीने खूण करावी. पुढच्या खेपेला खूण बोटभर वर गेलेली तिची तिलाच दिसते. त्या हाताला सूज किंवा जडपणा जाणवला तर लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. तेल लावून जोरात चोळू देऊ नये. काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाऊजच्या आत बसणारी सुती कापडाची, कापूस भरलेली उशी एखाद्या सभासदाने पिशवीतून काढून तिच्या हातात द्यावी. दुकानात विचारायला लाजणारी बाई ती घरी शिवू शकते.

औषध सुचवणे हे गटाचे काम नाही. सांगलीची हळद आपल्या अभिमानाची असली, तरी भाजीतली हळद वेगळी आणि हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या गोळ्या वेगळ्या. अशा गोळ्या व काढे इतर औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घेऊ देऊ नयेत.

प्रत्येक बैठकीत झोप, वेदना, थकवा आणि काळजी यांना ० ते १० पैकी अंक देऊन ते स्वतःच्या वहीत टिपण्याची सवय लावावी. काळजीचा अंक सलग वरच राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलली, तर तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची गाठ घालून द्यावी.

एखादीचा आजार उलटला तर काय करायचे, हे गटाने सुरुवातीलाच ठरवून ठेवावे. बहुतेक गट इथेच गडबडतात : बाकीच्या घाबरतात, फोन कमी होतात, आणि तिला जास्त गरज असते तेव्हाच ती एकटी पडते. बैठकीला यायचे की घरीच भेट हवी, हे तिला विचारावे. तिची संमती असेल तर बातमी इतरांना सरळ शब्दांत सांगावी आणि दोघींवर तिची जबाबदारी सोपवावी. त्यांनी आधी फोन करून जावे, ती थकण्याआधी उठावे आणि औषधे आणणे, डबा करणे किंवा मुलांना शाळेतून आणणे यांपैकी एक काम तिला विचारून आपल्याकडे घ्यावे.