स्टॉक एजन्सीमार्फत छायाचित्रांची विक्री : पुण्यातील छायाचित्रकारांसाठी मार्गदर्शन

पुण्यात चांगला कॅमेरा बाळगणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षे पडून असलेल्या छायाचित्रांची तर गणतीच नाही. ही छायाचित्रे स्टॉक एजन्सीमार्फत, म्हणजे तयार चित्रांचा साठा ऑनलाइन ठेवून ती ग्राहकांना वापरायला देणाऱ्या कंपनीमार्फत, विकता येतात हे अनेकांच्या कानावर आलेले असते. पण तिथे नेमके काय विकले जाते हे समजून न घेता आवडते फोटो चढवले जातात, त्यांतले बरेच नाकारले जातात आणि उत्साह मावळतो. या व्यवसायात चित्र सुंदर असणे पुरेसे नसते. ते कोणाच्या तरी कामाचे असावे लागते, वापरणाऱ्याला त्यापायी कायद्याची अडचण येता कामा नये आणि शोधणाऱ्याला ते सापडले पाहिजे. म्हणून कॅमेऱ्याइतकेच लक्ष कागदपत्रांकडे आणि शब्दांकडे द्यावे लागते.

एजन्सी आपले छायाचित्र विकत घेत नाही. ती ग्राहकाला ते वापरण्याचा परवाना देते आणि मिळालेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा आपल्याला रॉयल्टी म्हणून देते. मालकी आपलीच राहते. बहुतेक व्यवहार ‘रॉयल्टी फ्री’ परवान्याचे असतात, म्हणजे ग्राहक एकदा पैसे भरून ते चित्र पुन्हा पुन्हा वापरू शकतो आणि तेच चित्र दुसऱ्या शेकडो ग्राहकांनाही देता येते. एखाद्या एजन्सीशी एकाधिकाराचा करार केलेला नसेल, तर एकच छायाचित्र अनेक ठिकाणी ठेवायला हरकत नसते.

२००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली शटरस्टॉक, फोटोलिया ही कंपनी ताब्यात घेऊन अडोबीने उभी केलेली अडोबी स्टॉक, गेटी इमेजेसच्या मालकीची आयस्टॉक आणि ब्रिटनमधील अलामी ही या एजन्सींतली ठळक नावे आहेत. अडोबी स्टॉक छायाचित्रांवर ३३ टक्के रॉयल्टी देते. शटरस्टॉकवर हा हिस्सा १५ ते ४० टक्के असतो. वर्षभरात आपल्या चित्रांचे परवाने जितके अधिक जातील तितकी आपली पातळी वर चढते, मात्र दर १ जानेवारीला सर्वांना पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागते. मोठ्या ग्राहकांची मासिक वर्गणी असल्यामुळे एका डाउनलोडमागे अनेकदा काही सेंटच हाती येतात. त्यामुळे दहा-वीस उत्तम चित्रांवर विसंबून चालत नाही. काही शे वेगवेगळ्या, उपयोगी चित्रांचा संग्रह उभा राहिला की मिळकतीला सातत्य येऊ लागते. सुरुवातीला एक-दोनच एजन्सी निवडून त्यांचे नियम नीट आत्मसात करावेत, असे माझे मत आहे.

काही चढवण्याआधी मालकीचा प्रश्न निकाली काढावा. पुण्यात लग्न, मुंज, बारसे यांचे फोटो काढून देणारे व्यावसायिक पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे देखणी चित्रे असतात. परंतु १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार झालेला नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. त्यामुळे यजमानांच्या लेखी परवानगीवाचून असे चित्र विक्रीला ठेवू नये. नोकरीत असताना मालकासाठी काढलेल्या छायाचित्रांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

यानंतरचा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्र जाहिरातीसाठी वापरता येईल असे, म्हणजे ‘कमर्शियल’ असते, किंवा बातमी, लेख, पाठ्यपुस्तक अशा वापरापुरते, म्हणजे ‘एडिटोरियल’ असते. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा पथके किंवा शहरात मुक्कामाला आलेल्या पालख्या यांच्या छायाचित्रांत ओळखू येणारे शेकडो चेहरे असतात. प्रत्येकाची संमती घेणे अशक्य असल्यामुळे ही चित्रे एडिटोरियल म्हणूनच द्यावीत. अशा चित्रातून काही पुसू नये आणि त्यात काही घालू नये. उजेड आणि रंग यांची माफक दुरुस्ती तेवढी चालते. मथळ्यात आधी स्थळ व तारीख आणि मग वस्तुनिष्ठ वर्णन असावे. उदाहरणार्थ : ‘पुणे, महाराष्ट्र, भारत – १७ सप्टेंबर २०२४ : अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारे पथक’. हे अर्थातच इंग्रजीत लिहावे लागते.

कमर्शियल चित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे सही केलेले संमतिपत्र, म्हणजे मॉडेल रिलीज, लागते. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर आई-वडिलांपैकी एकाची किंवा पालकाची सही हवी. साक्षीदाराचीही सही घ्यावी. बहुतेक एजन्सी ती मागतात. एजन्सीचा छापील नमुना बहुधा इंग्रजीत असतो. तो पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणणे बरोबर नाही. हे चित्र जगात कुठेही, कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत दिसू शकते आणि तो ग्राहक निवडणे आपल्या हाती नसते, हे समोरच्याला मराठीत नीट सांगावे आणि विचार करायला वेळ द्यावा. जो माणूस विश्वासाने आपल्या कॅमेऱ्यासमोर बसतो, त्याच्याशी एवढा प्रामाणिकपणा राखलाच पाहिजे.

आता काय टिपावे याकडे वळू. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, सिंहगडावरचा सूर्योदय आणि पर्वतीवरून दिसणारे शहर यांची चित्रे एजन्सींकडे आधीच भरपूर आहेत. ती जरूर काढावीत, पण नव्या माणसाला त्यांतून वाट काढणे कठीण जाते. उलट संमतिपत्रासह काढलेली आपल्या घरांतली, दुकानांतली, कार्यालयांतली खरीखुरी चित्रे मानाने कमी असतात : भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोड स्कॅन करणारे गिऱ्हाईक, नातवाकडून मोबाइल शिकणारे आजोबा, हिंजवडीतील नोकरीच्या वेळा सांभाळून घरून काम करणारी तरुणी, गुढी उभारणारे जोडपे. बँका, विमा कंपन्या, शाळा, आरोग्यविषयक संकेतस्थळे यांना अशीच चित्रे लागतात. चौकटीची एक बाजू मोकळी सोडावी, कारण ग्राहकाला तिथे मजकूर बसवायचा असतो.

एक उदाहरण तपशिलात पाहू. आजी स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकाला कळ्या पाडत आहेत. ओट्याला लागून खिडकी असेल तर फ्लॅश न वापरता बाजूने येणारा सकाळचा उजेड घ्यावा, म्हणजे पारीच्या चुण्यांवर सावली पडून कळी उठून दिसते. फोटो काढण्याआधी ओट्यावर नजर फिरवावी. मिक्सरवरचे कंपनीचे नाव, तुपाची बरणी, पिठाची पिशवी, भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान, मागच्या फ्रिजवरचे चिन्ह या साऱ्या गोष्टी नकाराला कारण ठरतात. नंतर संगणकावर त्या पुसत बसण्यापेक्षा आधीच उचलून ठेवणे सोपे. मग वेगवेगळी चित्रे घ्यावीत : फक्त हात आणि अर्धा वळलेला मोदक, आजींच्या चेहऱ्यासह पूर्ण दृश्य, चाळणीत केळीच्या पानावर मांडलेले मोदक, आणि वरून घेतलेले सारणाचे पातेले. ही चार खरोखर निराळी चित्रे झाली. एकाच कोनातून चार चित्रे घेतली, तर एजन्सी ती ‘सारखीच चित्रे’ म्हणून परत करते. नुसत्या हातांच्या चित्रालाही आजींचे संमतिपत्र जोडावे, कारण अंगठी, बांगड्या किंवा गोंदण यांवरून माणूस ओळखता येतो.

फाइल जेपीजी आणि एसआरजीबी या पडद्यासाठीच्या प्रमाणित रंगसंगतीची असावी; ती किमान ४ मेगापिक्सेलची असावी, ही शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्हींची अट आहे. पाठवण्यापूर्वी चित्र शंभर टक्के मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावे. अंधाऱ्या भागातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, सेन्सरवरच्या धुळीचे डाग, डोळ्यांऐवजी कानावर गेलेला फोकस आणि अती शार्पनिंग हे दोष छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, एजन्सीच्या परीक्षकाला मात्र लगेच दिसतात.

कीवर्ड, म्हणजे ज्यांवरून ग्राहक चित्र शोधतो ते शब्द, हा कंटाळवाणा वाटणारा भाग आहे; पण विक्री खरी इथेच ठरते. शटरस्टॉकवर ७ ते ५०, तर अडोबी स्टॉकवर कमाल ४९ कीवर्ड देता येतात आणि अडोबीवर पहिल्या दहांना अधिक महत्त्व असते. मोदकाच्या चित्राला आधी ‘मोदक’, ‘गणेश चतुर्थी’, ‘इंडियन स्वीट’, ‘सीनियर वुमन’, ‘कुकिंग’ असे मुख्य शब्द द्यावेत. मग ‘कोकोनट’, ‘जॅगरी’, ‘राइस फ्लोअर’, ‘ट्रॅडिशन’, ‘महाराष्ट्र’. परदेशातल्या ग्राहकाला मोदक ठाऊक नसतो, तो ‘स्टीम्ड डम्पलिंग’ शोधतो, म्हणून तेही घालावे. चित्रात नसलेली गोष्ट शब्दांत आणू नये. शीर्षक, वर्णन आणि कीवर्ड लाइटरूमसारख्या छायाचित्र-संपादन प्रणालीत फाइलमध्येच भरून ठेवले, तर प्रत्येक एजन्सीसाठी पुन्हा टाइप करावे लागत नाहीत.

ड्रोनबाबत एक सूचना. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचाही तळ आहे आणि शहरात लष्करी हद्दी बऱ्याच आहेत, म्हणून उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी मंचावरील नकाशा अवश्य पाहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे अडोबी स्टॉक तशी स्पष्ट नोंद केल्यास स्वीकारते. शटरस्टॉक ती छायाचित्रकारांकडून घेत नाही.

सणांची चित्रे ग्राहक दोन-तीन महिने आधी शोधू लागतात. दिवाळीचा कंदील आणि फराळ यांची चित्रे ऑगस्टपर्यंत एजन्सीकडे पोहोचलेली असावीत. यंदाच्या गणपतीत काढलेली चित्रेही लगेच चढवून ठेवावीत. ती पुढच्या वर्षी कामी येतात.

पैशांच्या बाबतीत सुरुवातीलाच एक काम उरकावे. अमेरिकी एजन्सींसाठी डब्ल्यू-८बीईएन हा करविषयक अर्ज भरावा लागतो आणि त्यात आपला पॅन क्रमांक देता येतो. हा अर्ज भरून भारत-अमेरिका करकराराचा लाभ घेतला, तर अमेरिकेतील विक्रीवरच्या रॉयल्टीतून ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. अडोबी स्टॉकवर २५ डॉलर जमल्यावर रक्कम मागता येते; ती पेपॅल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवांमार्फत येते. पेपॅलवर आलेली परदेशी रक्कम भारतात तिथेच शिल्लक ठेवता येत नाही, ती आपोआप आपल्या बँक खात्यात वळवली जाते. ही मिळकत आपल्या विवरणपत्रात दाखवावी आणि एजन्सीकडून दरवर्षी मिळणारा १०४२-एस हा कापलेल्या कराचा दाखला जपून ठेवावा, कारण अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट इथे मागताना सनदी लेखापाल तोच आधी मागतात.